बंदुकीला लावलेलं खोबरेल

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय, ते मलाही नीट माहीत नाही.

उरवड्याच्या एका कारखान्यात मी आणि सोपानदादा पहारेकरी होतो. दादा नेऱ्याचे, फौजेतून निवृत्त झालेले. आम्हा दोघांत एक जुनी दुनळी बंदूक. दर रविवारी ते ती उघडून पुसायचे, पातळ तेलाचे दोनच थेंब द्यायचे. मला म्हणायचे, "मशीनचं तेल चालंल, पर खोबरेल कदी लावू नगंस. थंडीत थिजतंय. येळंला घोडा पडत न्हाई."

म्हणजे मला माहीत होतं. हे आधीच सांगून टाकतो.

डिसेंबरात दादा लेकीकडे गेले, बंदूक माझ्यावर सोपवून. ते परतायच्या आदल्या दुपारी मी ती पुसायला घेतली. बाटलीत तेल नव्हतं. तेल आणायला पिरंगुट काय लांब होतं? गाडी दारात होती — पण ऊन छान पडलं होतं, उठवेना. खिडकीत डोक्याला लावायचं खोबरेल होतं, उन्हानं पातळ झालेलं. लावलं. बंदूक चकाकली. एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी कडाक्याची थंडी. दादा कामावर आले, आणि तासाभरात मागच्या भिंतीवरून तिघं तांब्याची केबल न्यायला उतरले. दादांनी हवेत बार काढायला चाप ओढला. घोडा पडला — पण हळू, मेल्यासारखा; बार उडाला नाही. पुन्हा ओढला. तेच. मग त्यांतल्या एकानं पहार घातली. दादांचा उजवा हात कोपरापासून गेला; म्हणजे आहे, पण वळत नाही. मी पुढच्या फाटकावर होतो. पोचलो तेव्हा ते खाली बसले होते.

चौकशीत कारखान्याच्या साहेबांनी बंदूक हुंगली. "हे खोबरेल कुणी लावलं?"

मी काय म्हणालो असेन? खोटंही धड बोललो नाही. "दादा बंदुकीला कुणाला हात लावू देत नाहीत, साहेब." सगळे असंच समजत होते. कुणी पुढे विचारलं नाही. दादांना काढलं. मी राहिलो.

महिन्यानं मी नेऱ्याला गेलो. सांगायलाच गेलो होतो — की नुसतंच बघायला? वहिनींनी चहा ठेवला. दादा डाव्या हातानं कप धरायला शिकत होते.

"माजाच हात चुकला आसंल," ते म्हणाले. "लेकीकडं जायच्या घाईत कुटली बाटली घेतली, ध्यानात न्हाई. वय झालं. तुज्यावर आळ आला न्हाई, ते बरं झालं."

मी चहा पीत होतो. जीभ भाजली नाही, काही नाही. कप खाली ठेवला.

"व्हय दादा," म्हणालो, "होतं असं."