वऱ्हाडाला शेरा

लग्नाच्या धंद्यात किस्से गोळा करावे लागत नाहीत. हळदीच्या डागासारखे ते अंगावर येतात आणि धुतले तरी फिकट राहतातच.

शिरूरला माझा फोटो स्टुडिओ होता. शेजारी दिलीपचं नेट कॅफे. सीझन उतरला की दुपारी तिथं पंख्याखाली आम्ही तिघं चौघं बसायचो. मी, दिलीप, मंडपवाले अशोकमामा आणि बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणारे सलीमभाई. मोबाइल तेव्हा बटणांचे होते. पडद्यावर मराठी अक्षर उमटलं की नवल वाटायचं.

एकदा दिलीप म्हणाला, "लोक धंदेवाल्याला नावं ठेवत्यात. आपण गिऱ्हाइकाबद्दल का लिहू नये?" आणि त्यानं वेबसाइट केली. कुठल्या घरचं लग्न कसं पार पडलं, ते आम्ही लिहायचं. पुढचा धंदेवाला सावध होईल.

*

पहिला शेरा सलीमभाईंचा, नवरदेवाच्या नावासकट. "नवरदेव घोड्यावर झोपला. घोडा समजूतदार होता."

काही दिवसांनी तो नवरदेवच कॅफेत आला. आम्ही घाबरलो. तो पडद्याकडं बघत हळूच म्हणाला, "झोपलो नव्हतो हो. डोळे मिटून ऐकत होतो."

सलीमभाईंनी खुर्ची पडद्याजवळ ओढली. मग दिलीपला म्हणाले, "ते पूस. लिही, नवरदेवाला सूर कळतो."

*

दुसऱ्या वेळी सरळ वकिलाची नोटीस आली. सणसवाडीच्या एका यजमानाबद्दल मामांनी लिहिलं होतं, पाहुणे पंगतीत बसल्यावर यानं मंडपातले पंखे बंद करवले. नोटीस मात्र दिलीपच्याही नावानं.

आम्ही शिंदे वकील मॅडमकडं गेलो. दिलीप रडवेला झाला होता. "मी तर एक अक्षर लिहिलं न्हाई, मॅडम."

"भिंत तुमची. लिहू कुणी दिलं?"

"पण खरं हाय ते," मामा म्हणाले.

"खरं आहे हे कोर्टात तुम्हाला दाखवावं लागेल. लोकांच्या भल्यासाठी लिहिलं, हेही. साक्षीदार कोण?"

मामांनी खूप विचार केला. "पंखे," म्हणाले.

माफीनामा देऊन प्रकरण मिटलं.

*

मग आम्ही नावं गाळायचं ठरवलं. मामांनी लिहिलं, "मांडवगण फराट्याचे बागायतदार, थोरली मुलगी शिक्षिका. पंगतीत आचाऱ्यावर हात उगारला."

असे बागायतदार गावात दोन निघाले. दुसऱ्यांच्या धाकट्या मुलीचं, सुनंदाचं, दौंडला ठरलं होतं. कुणीतरी प्रिंट काढून तिच्या सासरी नेऊन दिली. तिकडून फोन यायचे थांबले.

सुनंदाचे वडील कॅफेत आले तेव्हा टोपी हातात होती. दिलीपनं मजकूर लगेच पुसला. त्यांना घेऊन आम्ही वकील मॅडमकडं गेलो. त्या म्हणाल्या, "पुसलं म्हणून वाटलेला कागद परत येत नाही. आणि नाव नसलं तरी माणूस ओळखू आला, तर ती बदनामीच. केस होऊ शकते."

"मला केस नगं," वडील म्हणाले. "पोरगी चार माणसांत बसंना झाली. तुम्ही दौंडला चला आन् तोंडानं सांगा."

गेलो. जीपमधून वाटेभर उसाचे तुरे हलताना दिसत होते. दौंडला मुलाच्या आईसमोर मामा उभेच राहिले. "ते मी लिहिलं, ताई. पण ह्यांच्याबद्दल नव्हं. हा माणूस देवमाणूस हाय."

"मग हात उगारणारा कोण? त्याचं नाव सांगा."

मामांनी तोंड उघडलं, आणि मिटलं. "ते आता मी कुठंच सांगणार न्हाई."

बाई त्यांच्याकडं बघत राहिल्या. मग आत वळून म्हणाल्या, "सगळ्यांना चहा टाका गं. आन् सूनबाईला फोन लावा."

परत आल्यावर दिलीपनं वेबसाइट बंद केली. कुणी हळहळलं नाही.

*

पुढं कधीतरी वकील मॅडमचंच लग्न निघालं. वय पन्नाशीला टेकलेलं. नवरा इनामगावचा, रिटायर मास्तर. घोड नदीच्या काठावर, बाभळींच्या सावलीत, मोजकी माणसं. मॅडमनी सलीमभाईंना एकट्यालाच बोलावलं होतं. बँड नको, फक्त क्लॅरिनेट.

"काय वाजवू?" साठीला आलेले, शिरूरात एका खोलीत एकटे राहणारे सलीमभाई विचारत होते.

"तुम्हाला येतं, पण कुणी कधी फर्माईश करत नाही, असं काहीतरी."

त्यांनी वाजवायला घेतलं. इतक्या वर्षांत मी त्यांच्याकडून ते ऐकलं नव्हतं. ऊन पाण्यावर मऊ पडलं होतं. पलीकडच्या काठाला गुरं पाण्यात तशीच थांबली. माझ्या गळ्यात कॅमेरा होता, पण बटण दाबायचं सुचलं नाही. मॅडमनी मास्तरांचा हात धरला होता, आणि तो सोडायचं त्यांच्याही ध्यानात नव्हतं.

संपल्यावर मॅडम पुढं आल्या. "हे कुठलं, सलीमभाई?"

सलीमभाई रुमालानं क्लॅरिनेट पुसत होते.

"माझ्या लग्नात वाजवायचं ठरलं होतं," ते म्हणाले, आणि पेटी उघडून वाद्य अलगद आत ठेवलं.