दाजींच्या ताटातले कान

आमच्या दाजींनी आयुष्यात कुठल्याही गोष्टीवर पहिल्या भेटीत विश्वास ठेवलेला नाही. सूर्य उगवला तरी ते आधी तीन घड्याळं बघतात आणि मग तिन्ही घड्याळांवर संशय घेतात. दाजी म्हणजे माझ्या आक्काचे यजमान, कोल्हापूरच्या राजारामपुरीतले जुने घड्याळजी. दुकान बंद केलं, पण डोळ्याला लावायचं भिंग काही खिशातून गेलं नाही. जोतिबाला गेले की तीन दुकानांतले नारळ कानाशी हलवतात आणि घेतात मात्र चौथ्याकडून, कारण पहिले तिघे आता सावध झालेले असतात. चंदगडहून एकदा काजू टरफलासकट आणले. का? तर सोललेला काजू कुठला, याला पुरावा काय? टरफलं फोडताना चिकानं बोटं सोलून निघाली. आक्का खोबरेल लावतेय आणि दाजी खुशीत, "बग, अस्सल हाय!"

अशा घरात इटली शिरली ती माझ्या भाचीमुळे. आक्का जाऊन चार वर्षं झाली होती. भाची पुण्यातली हॉटेलातली नोकरी सोडून आली आणि म्हणाली, बाबांच्या बंद दुकानात मी पास्त्याचं हॉटेल काढणार. ती जागा दाजींनी एका कोचिंग क्लासला द्यायचं जवळजवळ ठरवलं होतं. क्लासवाले सर रविवारी किल्ली न्यायला येणार होते. दाजींनी निकाल दिला, "रविवारपत्तोर खाऊ घाल. पटलं तर किल्ली तुजी, न्हायतर सरांची." आणि पंच म्हणून मला बोलावलं.

शनिवारी भाचीनं तीन पुड्या मांडल्या. दाजींनी भिंग चढवलं. नळ्यांचा पास्ता बघून म्हणाले, "पोकळ हाय. वजनात हवा इकत्यात." पिळाचा बघून म्हणाले, "ह्ये तर स्क्रूचं आटं. पोटात जाऊन फिरलं म्हंजे?" तिसऱ्या पुडीत इवल्या वाट्यांसारखं काहीतरी होतं. "ओरेकिएत्ते," भाची म्हणाली, "म्हणजे छोटे कान." दाजींनी मान मागं घेतली. "भिंतीला कान हुतं त्ये बास न्हवतं व्हय? आता ताटाला बी?" पण निवडले कानच. त्यात काही लपवायला जागा नव्हती.

"मिठाच्या उकळत्या पाण्यात अकरा मिनिटं, बाबा. दाताला जरासा लागला पाहिजे."

"दाताला लागतंय म्हंजे कच्चं."

अकरा मिनिटांबाबत तिन्ही घड्याळांचं एकमत होईना. शेवटी भाचीनं आपल्या अंदाजानं गॅस बंद केला आणि ती मेथी धुवायला वळली. दाजींनी हळूच पुन्हा पेटवला. पाणी गाळेपर्यंत कानांचे गाल झाले होते. "खीर झाली की गं!" दाजी म्हणाले, मोठ्या समाधानानं. भाची पातेलं तसंच ठेवून आत गेली. पंचानं सगळं बघितलं होतं. मी तोंड उघडणार, तोच दाजी खाली बघत म्हणाले, "पावणं, धंद्यात ही पडली तर उचलायला तुमची आक्का न्हाय आता." मी तोंड मिटलं.

रविवारी भाचीनं पुड्यांना हात लावला नाही. रवा कोमट पाण्यात घट्ट मळला, वळ्या केल्या, तुकडे पाडले आणि एकेक तुकडा सुरीनं पोळपाटावर ओढून अंगठ्यावर उलटा करू लागली. ही पिठात काय मिसळते ते बघायला दाजी भिंग लावून आले आणि तिथंच थांबले. "ह्ये तर नखुलं," म्हणाले. आत गेले आणि कपाटातून एक स्टीलचा डबा घेऊन आले. आक्कानं लेकीच्या रुखवतासाठी, खिरीसाठी नखानं दाबून दाबून करून वाळवलेली नखुली! लग्न ठरलं नाही आणि डबा उघडला नाही. घरात हा डबा आहे हे मलाही ठाऊक नव्हतं. दाजींनी आईचं एक आणि लेकीचं एक शेजारी ठेवलं आणि दोन्हींवर आळीपाळीनं भिंग धरलं.

"आईचं पातळ असायचं."

"तिची नखुली दुधात शिजायची, बाबा. माझ्यात रस्सा थांबला पाहिजे."

तेलात लसूण, टोमॅटो, मेथी आणि चमचाभर कांदा-लसूण चटणी. त्यात उकळून काढलेले कान पडले, वर त्याच उकळीचं पळीभर पाणी. "त्ये पाणी वतून द्यायचं सोडून परत?" दाजी ओरडले. "कटाची आमटी कशाची होते, बाबा?" दाजींनी कढईत डोकावून बघितलं. तरी शेवटची तक्रार केलीच, "रस्सा येगळ्या वाटीत दे. मिसळून देणारा कायतरी झाकतोय."

"वाटी मिळणार नाही," भाची म्हणाली. कोल्हापुरात रश्श्याची वाटी नाकारायची! दाजींनी एक घास घेतला आणि सावकाश चावला.

"दाताला लागतंय."

त्यांनी दुसरा घास घेतला.

"लागू दे," म्हणाले आणि ताट पुढं ओढलं.

तेवढ्यात बेल वाजली. दाजी हात न धुताच दारात गेले. "सर, जागेला ओल हाय. उंदरं हायत. आन् शेजार बी चांगला न्हाय." शेजार म्हणजे ते स्वतःच. उंदीर तर त्या इमारतीत एकही नाही.

हॉटेल आता बरं चाललंय. दाजी कोपऱ्यात बसून कानांची तपासणी करतात. आक्काचा डबा घड्याळाखालच्या फळीवर असतो. त्यातली नखुली ते अधूनमधून मोजतात. परवा मला जवळ बोलावलं. "पावणं, एक कमी भरतंय."

मी घड्याळाकडं बघू लागलो. आक्काच्या हातचं ते एक त्या रविवारपासून कागदात गुंडाळून माझ्या पाकिटात आहे. दाजींनी भिंग लावलं, माझ्या तोंडाकडं निरखून बघितलं, मग भिंग काढून हळूच डब्याचं झाकण लावलं.

"उंदीर असंल," म्हणाले. "असू दे. त्याची बी ती कोणतरी लागत असंल."