ताताची गाठ

लावण्याने धागा कापला आणि पहिल्या रांगेतले तिचे आजोबा खुर्चीवरून उठले.

मी विंगेत उभा होतो. खेळ चालू असताना प्रेक्षक उठतो तो टाळ्या वाजवायला, नाहीतर बाहेर जायला. हे आजोबा सरळ स्टेजच्या पायऱ्यांकडे निघाले होते.

मी धंद्याने जादूगार. वाढदिवस, गॅदरिंग, कंपन्यांचे फॅमिली डे यांवर माझं चालतं. त्या वर्षी सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका शाळेने मला दर शनिवारी मुलांना सोपे प्रयोग शिकवायला बोलावलं. हॉलच्या मागेच यंत्रमाग होते. खटखट, खटखट, थांबणं नाही. पहिल्या दिवशी डोकं उठलं. मग हळूहळू तो आवाज असा अंगात मुरला की मी त्याच तालावर बोलायला लागलो. दुपारचं ऊन खिडकीतून तिरपं यायचं, त्यात कापसाचे बारीक तंतू तरंगत राहायचे आणि त्यांच्या खाली मुलं रुमाल गायब करत बसलेली असायची. ते शनिवार मला आजही अर्धवट झोपेत पाहिल्यासारखे आठवतात.

सातवीतल्या लावण्याने धाग्याचा प्रयोग निवडला. आता गुपित सांगतो. आमच्या धंद्यातले लोक मला शिव्या घालतील, घालोत. लांब धागा मुठीत धरायचा, दोन्ही टोकं खाली लोंबत ठेवायची. मुठीत आधीच एक छोटा, दुमडलेला तुकडा लपवलेला असतो. धाग्याचा मधला भाग वर काढतोय असं दाखवायचं आणि काढायचा तो तुकडा. कात्री चालते त्याच्यावर. लांब धागा आत सुखरूप. मग एक फुंकर मारायची आणि तो अखंड बाहेर ओढायचा. कापलेले तुकडे तळहातातच लपून राहतात, याला आम्ही पामिंग म्हणतो. 

शिकवताना मी पहिल्यांदा धागा कापला तेव्हा गंमत झाली. दोन-तीन मुलांचे हात आपोआप पुढे आले, जोडायला. मागावर धागा तुटला की आधी जोडायचा, बाकी सगळं नंतर. या घरांतल्या पोरांना तुटका धागा बघवतच नाही. मी हसलो आणि विसरून गेलो.

मुलांच्या जादूच्या कार्यक्रमाच्या आधी मुख्याध्यापिका मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं.

“सर, धागा मागच्या रांगेला दिसणार कसा? जाड दोरी घ्या की.”

“मीही तेच म्हणतोय, मॅडम. पोरगी ऐकत नाही.”

लावण्या दारातच उभी होती. म्हणाली, “ताता दोरीकडे बघणार नाहीत, मॅडम. धागा असला तर बघतील.”

ताता म्हणजे तेलुगूत आजोबा. त्यांचा माग भंगारात गेला होता. तेव्हापासून ते माग होता त्या रिकाम्या जागेसमोर बसून असायचे. बोलायचे जेवणापुरतं. लावण्याने शाळेतलं काही सांगितलं तर मान हलवायचे, पण नजर तिच्यावर नसायची. तिला टाळ्या नको होत्या, बक्षीस नको होतं. ताताने एकदा नीट बघावं, एवढंच हवं होतं. मॅडमनी धागाच राहू दे म्हटलं. मीही दोरी परत पिशवीत टाकली.

आणि आता ताता बघत होते. नुसते बघत नव्हते, स्टेजवर चढले होते.

“आगु, आगु!” म्हणजे थांब, थांब. मग मराठीत, “ए पोरी, तुटका धागा हातात धरून काय उभी ऱ्हायलीस? आण हिकडं.”

सभागृह हसलं. मला हसू येईना. मुठीवर डोकावणारी दोन टोकं त्या छोट्या तुकड्यांची होती. जरा ओढली की तुकडे बाहेर येणार आणि सगळ्यांसमोर तिची फजिती होणार. मी पुढे पाऊल टाकलं. लावण्याने माझ्याकडे न बघता मान हलवली. नको.

“मूठ ढिली सोड की. धागा वर येऊ दे,” ताता म्हणाले.

“नाही ताता. असाच बांधा.”

त्यांनी बोटं ओठांना लावून ओली केली. टोकावर टोक ठेवलं, एक वळसा, आणि गाठ झाली. इतकी पटकन की माझ्यासारख्या हातचलाखीवर जगणाऱ्यालाही वळसा दिसला नाही. तिच्याच हातातली कात्री घेऊन त्यांनी उरलेली टोकं छाटली. 

“आता हाय धागा,” असं म्हणून ते तिथंच थांबले.

लावण्याने गाठ अंगठ्याने हलकेच मुठीत ढकलली आणि फुंकर मारली. मग खालचं एक टोक धरून धागा सावकाश ओढला. तो येत राहिला, येत राहिला. उन्हात पांढराशुभ्र. कुठेही गाठ नाही.

ताताने तो हातात घेतला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चिमटीतून ओढला. डोळे मिटून पुन्हा ओढला. मागची खटखट तेवढी ऐकू येत होती. मला वाटलं, हा माणूस आता असाच धागा चाचपत उभा राहील आणि आम्ही सगळे बघत बसू, आणि त्यात काही वावगं नसेल.

मग त्यांनी डोळे उघडून नातीकडे पाहिलं. नीट पाहिलं.

“माझी गाठ कुटं गेली गं?”

लावण्या नुसती हसली. टाळ्या पडल्या त्या नंतर. खरं सांगतो, हा प्रयोग मी शिकवलेला नव्हता. मी शिकवला त्याच्यापेक्षा कितीतरी मोठा होता.

कार्यक्रम संपल्यावरही ताता दाराशी तिला विचारतच होते. आधी मराठीत, मग तेलुगूत. कुठं गेली? खिशात हाय का? बाहीत हाय का? ती पळत माझ्याकडे आली आणि मूठ उघडली. इवलासा तुकडा, मधोमध ताताची गाठ.

मी नियमाचा माणूस. गुपित कुणाला सांगायचं नाही, हे पहिल्याच शनिवारी मुलांकडून वदवून घेतलेलं. पण तिचा चेहरा बघून विरघळलो. 

“ताताला सांगितलंस तर चालेल बरं का,” मी म्हणालो.

तिने मूठ मिटली. “नको सर. सांगितलं तर ते उद्या विचारणार नाहीत.”

आता कुठेही खेळ लावताना मी आधी पहिली रांग बघून घेतो. विणकर बसलेला असेल तर धागा कापत नाही. लावण्याची गोष्ट वेगळी. तिच्या घरी रोज संध्याकाळी धागा कापला जातो.