घडीतला डाग

इस्त्रीवाल्या काकांनी कुर्ता हातात दिला. घडी कडक, वर वर्तमानपत्राचा कागद. "झालं ताई, एकदम ओके," म्हणाले. घरी येऊन उलगडला तर आत इस्त्रीने जळलेला तांबूस डाग. घडी अशी घातली होती की तो दिसूच नये.

मला माझे जुने सर आठवले. संगणकांनी एकमेकांना उत्तरं कशी द्यायची, हे ठरवणं आमचं काम. उत्तरावर आधी एक आकडा लिहायचा असतो. दोनशे म्हणजे काम झालं, चारशेच्या घरातला म्हणजे झालं नाही. सर मात्र सगळ्या उत्तरांवर दोनशेच लिहायला लावायचे आणि नकार आतल्या मजकुरात दडवायचे. एकदा वरचा दोनशे पाहून मी काम झालं असं धरलं, आणि रक्ततपासणीच्या वेळा नोंदल्याच गेल्या नाहीत. म्हातारी माणसं उपाशीपोटी येऊन परत गेली. बैठकीत सर शांतपणे म्हणाले, "हिने आत वाचलं नाही." नोकरी माझी गेली.

डाग चोळून पाहिला. तो जाणार नाही.

आता संगणकांना अशी उत्तरं देणारी एक सेवा माझ्या हाती आहे आणि सरांनी त्यांच्या नव्या कंपनीसाठी तिच्यात प्रवेश मागितला आहे. नकाराचे आकडे दोन. चारशे एक म्हणजे तुम्ही कोण ते कळलं नाही. चारशे तीन म्हणजे ओळखलं, पण आत येता येणार नाही.

मी चारशे तीन लिहिला, अगदी वर. आत वाचायची गरजच ठेवली नाही.