भिंतीलगतची पट्टी

आमच्या सोसायटीच्या फाटकाबाहेर गटारावरचा एक स्लॅब नव्हता. बेळ्ळंदूरमध्ये अशी उघडी गटारं पावलोपावली आहेत, त्यामुळे त्यात विशेष काही नाही. पण रोज सकाळी फुलं घेऊन येणारी अक्का त्याच फूटपाथवरून यायची. भोक आणि कंपाउंडची भिंत यांच्यामध्ये जेमतेम दीड हाताची पट्टी होती. एक तळवा भिंतीला टेकवून, दुसऱ्या हाताने टोपली कमरेशी धरून, अक्का एकेक पाऊल टाकत ती पट्टी पार करायची. रस्त्यावर उतरावं तर फूटपाथ उंच, तिचे गुडघे गेलेले, आणि खाली उलट्या दिशेने येणाऱ्या स्कूटरी.

अक्काचं घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे कन्नड मुलखात आलेलं. मराठी घरातल्या घरात टिकवलेली, निम्मी कन्नडात भिजलेली. माझं पुणेरी ऐकून तिला हसू यायचं. मी तिला अक्का म्हणायचे आणि ती मलाही अक्काच म्हणायची. वयात तीस वर्षांचं अंतर, पण हिशेब बरोबरीचा.

एकदा माझ्या डोळ्यांदेखत तिचा पाय घसरला. चप्पल गटारात गेली, ती वाचली. त्या दिवशी मी मनावर घेतलं की हा स्लॅब बसवून घ्यायचाच.

महापालिकेच्या ॲपवर तीनदा तक्रार केली. तीनही वेळा ‘निकाली काढली’ असा निरोप आला, वर आभार. त्यांच्या ऑफिसात फोन केला तर पलीकडचा माणूस कन्नडात बोलला, मी हिंदीत बोलले, आणि दोघांनीही सुटकेचा निःश्वास टाकून फोन ठेवला. आमच्या महिला मंडळातल्या एकीचंही नाव इथल्या मतदार यादीत नव्हतं. माझं अजून कोथरूडच्या यादीत आहे. मोर्चा काढावा तर परवानगी शहराच्या पार दुसऱ्या टोकाच्या बागेत, आणि फोटोत चेहरा दिसला तर कंपनीत कोण काय विचारेल ही धास्ती. शिवाय बाहेरून आलेल्यांनी किती आवाज करावा, हेही आम्ही न बोलता ठरवून टाकलं होतं. आमचं धाडस हे असं, मोजूनमापून बेताचं.

मग कुणीतरी रांगोळीची कल्पना काढली. रांगोळीला कोण हरकत घेणार? दर रविवारी सकाळी सातला भोकाभोवती रांगोळी काढायची, फोटो टाकायचे, अधिकाऱ्यांना टॅग करायचं. निदर्शन म्हणायचं नाही, उपक्रम म्हणायचं. मला ती कल्पना फार आवडली होती, हे कबूल करते. एकदा एका वेबसाइटवर आमचा फोटो आला, तेव्हा मी तो माहेरच्या सगळ्या ग्रुपांवर पाठवला. त्यात अक्काचा उल्लेख करायचं मला सुचलंसुद्धा नाही.

पाचव्या रविवारी इंजिनिअरसाहेब पाहणीला येणार असं कळलं. आम्हाला हुरूप आला. भोकाच्या दोन्ही बाजूंचे स्लॅब रांगोळीने भरले, मोबाइलवर बघून ‘गुंडी मुच्ची’ म्हणजे ‘खड्डा बुजवा’ ही कन्नड अक्षरं चित्रासारखी उतरवली. तरी भिंतीकडची बाजू मोकळी दिसत होती. तिथे मी वेल काढली. पाच रंगांची, भिंतीला टेकेपर्यंत, बोटभर जागा न सोडता. मग आम्ही क्लबहाउसमध्ये पोहे खायला गेलो.

ब्रेकचा आवाज आला तेव्हा माझ्या हातात पोह्यांची बशी होती.

अक्का रस्त्यात पडली होती. स्कूटरवाला थांबला होता आणि पुन्हा पुन्हा एकच सांगत होता, “आजी अचानक खाली उतरली.” ते खरंच होतं. शेवंती आणि मोगरा डांबरावर पसरला होता. रांगोळी मात्र जशीच्या तशी होती, कुठे पावलाचा डाग नाही. मी वेलीकडे पाहिलं आणि मला सगळं कळलं. मला एकटीलाच कळलं असं नाही; आम्ही सगळ्याच पाहत होतो आणि एकमेकींकडे पाहायचं टाळत होतो.

अक्काला रिक्षातून नेल्यावर आमचे सेक्रेटरी म्हणाले, “पोलीस येतील. हे धुऊन टाका. उगाच प्रश्न नकोत.” कुणीच वाद घातला नाही. वॉचमनने पाइप लावला. पाणी कमी पडलं तेव्हा बादली मी आणली. पोलीस आले तोवर फूटपाथ ओला आणि स्वच्छ होता. म्हातारी आपण होऊन रस्त्यात उतरली असं त्यांनी लिहून घेतलं. मी शेजारीच उभी होते.

आठवड्याभरात स्लॅब बसला. अपघातामुळे बसला की रांगोळीमुळे, कोण जाणे. ग्रुपवर टाळ्या पडल्या, आपण करून दाखवलं असं एकीने लिहिलं. मग मी लिहिलं की अक्का खाली का उतरली ते आपल्याला माहीत आहे. हात जोडलेल्या खूप इमोजी आल्या. त्याखाली पुढच्या चौकातल्या भोकाचा फोटो आणि रविवारी किती वाजता जमायचं ही विचारणा.

मी अक्काच्या घरी गेले. खुब्याचं हाड मोडलं होतं, आता फुलांची टोपली तिची सून नेते. अक्का पुन्हा चालेल का, असं मी हळूच विचारलं तर सुनेने मानेनेच नाही म्हटलं. मी कॉटजवळ बसले. वेलीचं सांगायचं म्हणूनच आले होते.

“अक्का, स्लॅब बसवला,” मी म्हणाले.

“सरी, चांगलं झालं,” ती म्हणाली. “त्या दिवशी बघा, तुमी एवढं सुंदर घातलेलं. भिंतीपर्यंत. त्याच्यावर पाय कसं ठेवायचं? म्हटलं, स्वल्प खाली उतरून जाऊ.”

तिने माझा हात धरला.

“नंतर गर्दी झाली असंल नव्हं तिथं,” तिने विचारलं. “रांगोळी कुणी मोडली नाही ना?”

“नाही अक्का,” मी म्हणाले. “कुणी नाही.”