दुसऱ्या पसंतीची कोरी जागा

१४ जून, रविवार. दहा ते बारा मतदान, साठच्या साठ घरांनी मत दिले. कंत्राटदार निवडून आले. मास्तर पडले. डोके दुखते आहे.

एवढे लिहून काकूंनी वही मिटली, उघडली, पुन्हा मिटली. एरवी रोजनिशी जेवणानंतर. आज चारलाच वही घेतली, तरी जिवाची तगमग थांबेना.

इमारतीच्या अध्यक्षपदाला तिघे उभे होते. कंत्राटदारांना तळमजल्याची खोली गाड्या लावायला हवी होती. त्या खोलीत तिसऱ्या मजल्यावरची शिंपीण बारा वर्षे मशीन चालवत होती. तिच्या घरात सहा माणसे, मशीनला जागा नाही. तिला हलवायचे नाही, असे मास्तरही म्हणत आणि नर्सबाईही.

पद्धत यंदा नवी. आवडत्या उमेदवारापुढे एक लिहायचा, त्याच्या खालोखाल जो चालेल त्याच्यापुढे दोन. सर्वांत मागे राहील तो बाद, आणि त्याच्या कागदांवरची दुसरी पसंती उरलेल्यांत मोजायची. जिन्यातल्या सूचनेत हे सगळे होते. काकूंनी ती वाचलीही होती. म्हणजे जन्मभर छापखान्यात मुद्रिते तपासल्याच्या सवयीने लाल पेन्सिलीने तिच्यातल्या तीन चुका सुधारल्या होत्या. अर्थ तेवढा राहून गेला. मग दारोदार जाऊन त्यांनी मास्तरांच्या माणसांना बजावले, दोन लिहाल तर मास्तरांचे मत पातळ होईल, फक्त एक लिहा. काकूंचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. पंधराही जणांनी ऐकले.

कंत्राटदार पंचवीस, नर्सबाई वीस, मास्तर पंधरा. मास्तर बाद झाले, त्यांचे कागद पुन्हा उलगडले, तर दुसऱ्या पसंतीची जागा सगळीकडे कोरी. नर्सबाई पस्तीसवर जायच्या, त्या विसावरच राहिल्या.

अंगणात तोवर मोजणीत घोळ झाल्याची कुजबुज सुरू झाली होती. काकूंनी खिडकी लावली, उघडली, आणि शेवटी चपला घालून खाली उतरल्या.

तळमजल्याच्या खोलीत शिंपीण बटणांचे डबे पिशवीत भरत होती. "काकू, काहीतरी काळंबेरं आहे बघा," ती म्हणाली. "दोघं आपल्या बाजूचे, आणि निवडून आला तिसराच?"

हो म्हटले असते तर विषय तिथेच संपला असता.

"मोजणी बरोबर आहे. दोन लिहू नका म्हणून मीच सगळ्यांना सांगितलं. चूक माझी."

शिंपिणीचा हात थांबला. "मीही एकच लिहिला. तुमचं ऐकून." बराच वेळ ती डब्याचे झाकण लावत राहिली; ते बसेना. "म्हणजे माझ्याच पायावर धोंडा, आणि तो मीच उचलून दिला. आता मशीन कुठे नेऊ, तेही तुम्हीच सांगा. पण या खेपेला नीट वाचून सांगा."

रात्री काकूंनी त्याच तारखेखाली एक ओळ वाढवली: जेवणाचे टेबल स्वयंपाकघरात हलवले; पुढच्या खोलीत खिडकीपाशी शिलाई मशीन.