माणसाशिवायची खाडी

दोन खाड्यांपैकी कुठली, यावर आमचं पक्षी बघणाऱ्यांचं टोळकं आठवडाभर भांडलं. शेवटी पक्षी जवळून दिसतात म्हणून ही निवडली. ओहोटीच्या चिखलात एक बाई वाकून तिसऱ्यांचे शिंपले काढत होती आणि तिच्या मागे, हातभर अंतरावर, दहाबारा पांढरेशुभ्र बगळे.

"मावशी, जरा बाजूला व्हा, फोटोत येताय," मीच ओरडलो.

ती मुकाट्याने टोपली उचलून बाजूला झाली. बगळेही तिच्या मागोमाग गेले. तिने उकरलेल्या चिखलातले किडे टिपायलाच तर ते आले होते. माझ्या कॅमेऱ्यासमोर नुसता चिखल उरला. आपल्याला निसर्ग हवा असतो तो माणूस वजा करून, आणि तसा मिळाला की त्यात बघण्यासारखं काही राहत नाही.

"दुसरी खाडीच घ्यायला हवी होती," आमच्यातला एक जण म्हणाला. "तिथे गावकऱ्यांना आत सोडत नाहीत."

बाई वर न बघता म्हणाली, "मी तिकडचीच. आम्हाला उठवलं, म्हणून इथं आले."

परतताना गाडीतच पुढच्या वर्षीची खाडी ठरली. तिकडची. हात मीही वर केला.